मापाची घरे

दृष्टांत देण्याची सवय ही अध्यापकाच्या धंद्यातील एक व्याधीच होय. तीस वर्षे वर्गात उभे राहून इंग्रजी काव्य शिकविले म्हणजे मनुष्यास कोणतीही वस्तू नुसती ती वस्तू म्हणून पाहता येईनाशी होते. नदी दिसली की तिचे आयुष्य करावयाचे, दिवा दिसला की त्याचा आत्मा करावयाचा, आणि मुलांनी ते वहीत उतरून घेतले म्हणजे आपण काही सांगितले असे समाधान मानावयाचे. या व्याधीचा मला आजवर विशेष उपद्रव झाला नव्हता. परंतु गेल्या माघात मी एक दृष्टांत अशा जागी लावला की, त्याची हकीकत सांगून टाकल्यावाचून मला स्वस्थता नाही.

त्या महिन्यात आमच्या साताऱ्याच्या घरी एकाच आठवड्यात दोन बिऱ्हाडे आली. एक माझ्या आईचे आणि दुसरे मधमाश्यांचे. दोन्ही आली एकाच घरातून. जावळीच्या खोऱ्यात आमचे जुने कौलारू घर होते. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि पडवीमागे परसू. वडील गेल्यानंतर आई तेथे अकरा वर्षे एकटी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्याचा पडदाच कमजोर असल्याने त्याचा उपयोग होणार नाही असे ठरले. पुढच्या पावसाळ्यात ती विहिरीच्या वाटेवर घसरली. मग आम्ही भावांनी विचार केला, म्हणजे काय, फोनवर एकमेकांस तीन वेळा बोललो, आणि घर भाऊबंदांस देऊन आईस साताऱ्यास आणावे असे ठरविले. आईस विचारले होते. ती म्हणाली, "तुम्हाला सोयीचं असेल ते करा." हे वाक्य संमतीचे आहे की नाही याचा कीस मी एखाद्या नाटकातील पात्राच्या बाबतीत तासभर काढला असता. येथे काढला नाही.

मधमाश्या होत्या पडवीच्या भिंतीत. जुन्या भिंतीतील दोन दगड कधीकाळी सरकून आत पोकळी झाली होती आणि तीत सातेरी माश्यांनी मोहोळ केले होते. सातेरी ही आपली देशी, अंधाऱ्या पोकळीत एकापाशी एक अशी अनेक समांतर पोळी बांधून राहणारी माशी; कड्याला एकच मोठे पोळे टांगणाऱ्या आग्या माशीहून ही आकाराने पुष्कळ लहान आणि स्वभावाने पुष्कळ सौम्य. मी शाळेत जात असल्यापासून त्या तेथे आहेत. आई सारी पडवी सारवी, पण त्या भिंतीचा तेवढा तुकडा सोडून देई. घर ज्यांच्याकडे गेले त्यांस भिंतीला सिमेंटचा गिलावा करावयाचा होता. "मग त्यांचं काय?" एवढेच आईने विचारले. घराविषयी तिने विचारलेला तो एकुलता एक प्रश्न. म्हणून मी गावच्या मधपाळास बोलाविले. त्यांस सगळे आबा म्हणतात. महाबळेश्वरच्या बाजूस पेट्यांचे काम त्यांनी चाळीस वर्षे केले आहे.

आबांनी दगड काढले, धूर दिला, आणि एकेक पोळे सुरीने कापून लाकडी चौकटीत केळीच्या सोपटाने बांधले. पोळ्यांचा रंग काळपट तपकिरी होता. प्रत्येक पिढी उपजताना कोशाचा पातळ पापुद्रा घराच्या आत सोडून जाते, त्यामुळे जुन्या पोळ्यातील घरे हळूहळू आतून भरत जातात. आमच्या माजघराची जमीनही अशीच सारवणाच्या थरांनी वर आली होती. आजोबांच्या वेळी चढून जावा लागणारा उंबरठा माझ्या मुलांच्या वेळी नुसता ओलांडण्यापुरता राहिला होता. असो. राणी सापडली तेव्हा आबांनी ती मला दाखविली. लांबट, गडद, इतरांहून पाय जरा अधिक पसरून चालणारी. तिला पेटीत सोडताच उरलेले सैन्य आपण होऊन मागे गेले. पेटीत चार चौकटी जुन्या पोळ्यांच्या झाल्या. उरलेल्या जागेत आबांनी दोन नव्या चौकटी घातल्या आणि त्यांत मेणपत्रे बसविले. रात्री पेटीचे दार जाळीने बंद करून ती आम्ही मोटारीतून साताऱ्यास आणली व गच्चीवर ठेवली. मोटारीत आई पुढे बसली होती. ती वाटेत एकदाच बोलली. "पेटी हलत नाही ना?"

मेणपत्रा म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर आहे. तो मेणाचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर दोन्ही अंगांनी षट्कोनी ठसे उमटविलेले असतात. माशी त्या ठशांच्या कडांवर आपले मेण चढवून भिंती उभ्या करते. माणसाने पाया आखावयाचा आणि माशीने घर बांधावयाचे असा हा भागीचा व्यवहार आहे. जर्मनीतील योहान्नेस मेहरिंग नावाच्या मधपाळाने १८५७ साली असे पत्रे प्रथम छापून काढले आणि अमेरिकेत रूट यांनी १८७०नंतरच्या दशकात त्यांसाठी रूळांचे यंत्र काढल्यावर ते जगभर पसरले. तेव्हापासून माशीच्या घराचे माप ठरविण्यात माणसाचा हात शिरला. आणि माणसाचा हात शिरला की तो काही स्वस्थ बसत नाही. युरोपीय माशी आपण होऊन घर बांधते तेव्हा कामकरी माशीच्या घराची रुंदी सामान्यतः सव्वापाच मिलिमीटरांच्या आसपास असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममधील बोदू या मधपाळाने असे मांडले की, घर मोठे केले तर माशी मोठी होईल, तिची जीभ लांब होईल आणि मध अधिक येईल. ही कल्पना पुष्कळांस पटली व पत्र्यावरील ठसे रुंदावत गेले. शंभर वर्षे लोटली, आणि त्याच पश्चिमेत दुसरा पंथ निघाला. तो म्हणू लागला की घरे आपण फार मोठी करून ठेवली आहेत, ती पुन्हा ४.९ मिलिमीटरांवर आणा, म्हणजे माश्या निरोगी होतील. या पंथाकडे मी मागाहून वळणार आहे.

आपली सातेरी मूळचीच लहान, म्हणून तिची घरेही लहान. त्यातही प्रदेशाप्रमाणे फरक आहे. काश्मीरची सातेरी जवळजवळ युरोपीय माशीएवढी भरते, तर दक्षिणेकडच्या सपाटीवरची अगदी चिमुकली. घराचे माप घेण्याची रीत सोपी आहे. एका ओळीतील दहा घरांवर मोजपट्टी ठेवावयाची. आमच्या भिंतीतील पोळ्यावर ती ठेवली तेव्हा दहा घरे ४५ मिलिमीटर भरली. नव्या मेणपत्र्यावर दहा ठसे भरले ४२. पत्रा कोठल्या सपाटीवरच्या माशीसाठी छापलेला होता व तो आबांकडे कसा आला याची कथा लांब आहे, आणि तीत कोणाचा दोष होता हे ठरविण्यात अर्थ नाही. "सर, पत्रा बारका पडतोय," आबा म्हणाले. "पण आता हाच आहे. बघू घेतात का." दहा घरांत तीन मिलिमीटर, म्हणजे एका घरात तीन दशांश मिलिमीटर. माणसाच्या हिशेबी ही गोष्ट नखाच्या कडेएवढीही नाही.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी गच्चीवर जात असे. खाली आईचे बिऱ्हाड लागत होते. आमचे घर तीन खोल्यांचे. मधली खोली आईस दिली, तीत खाट टाकली, देवांचे लहान फडताळ भिंतीस लावले. पूर्वेकडे एक लांबट गॅलरी आहे. तीत गेली अठरा वर्षे माझे टेबल व पुस्तकांची दोन कपाटे आहेत. सकाळचे ऊन घरात तेवढ्याच जागी येते. आईची तक्रार म्हणून नव्हती. चहा गोड झाला तरी चांगला आणि फिका झाला तरी चांगला. दूरदर्शन लावले तर ती पाही, बंद केले तर पाहत नसे. आम्ही म्हणू लागलो की आई रमली.

दहाव्या दिवशी मी आबांनी शिकविल्याप्रमाणे नव्या पत्र्याची चौकट अलगद बाहेर काढली आणि सूर्याकडे पाठ करून तीत पाहिले. माश्यांनी पत्रा बराचसा ओढून घेतला होता. कोवळ्या मेणाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. आणि मध्यापासून जरा खाली, तळहाताएवढ्या जागेत, प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे उभे होते; तांदळाच्या कणीच्या तुकड्यासारखे, पांढरे, बारीक. मला जो आनंद झाला तो अगदी बालिश होता. त्याच संध्याकाळी मुंबईच्या धाकट्या भावास मी सविस्तर पत्र लिहिले. आमच्यात अजून पत्रे लिहिण्याची रीत आहे. तीत आईची प्रकृती, औषधे इत्यादी लिहून झाल्यावर मी माझा दृष्टांत घातला. मोठ्या घरांच्या पोळ्यात जन्म काढलेली राणीसुद्धा दहा दिवसांत लहान घरात अंडी घालू लागते. सृष्टीतील प्रत्येक जीव मापाशी जुळवून घेतो, मग आपली आई का घेणार नाही? भावाचे उलट उत्तर आले की पत्र वाचून मनावरचे ओझे उतरले. माझेही उतरले होते. खरे म्हणजे त्यासाठीच ते लिहिले होते.

त्यानंतर चार-पाच रात्रींनी मी पाणी पिण्यास उठलो. मधल्या खोलीत दिवा नव्हता, पण पावलांचा आवाज होता. आई भिंतीस हात लावून चालत होती आणि काही पुटपुटत होती. मला वाटले जप. जवळ गेलो तेव्हा आकडे ऐकू आले. "नऊ, दहा, अकरा." अकराव्या पावलास तिचा हात मोरीच्या दाराला लागला. ती वळली आणि पुन्हा मोजू लागली.

"आई, काय करतेस?"

"काही नाही. झोप तू."

"दिवा लावू का?"

"दिव्यानं काय होतंय? तिथं मी डोळे मिटून चालत होते रे. इथं मोजावं लागतं."

मी तिला खाटेवर बसविले आणि माझ्या खोलीत येऊन पडलो. ती गेले पंधरा-वीस दिवस रोज रात्री मोजते आहे, हे सौभाग्यवतीस ठाऊक होते. तिने मला सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. त्या रात्री झोप आली नाही म्हणून मी मधमाश्यांवरची पुस्तके काढली. दुसऱ्या कोणी देवाचे नाव घेतले असते.

आणि त्यांत मला जे सापडले ते वाचून मी जरा दचकलो. राणीमाशी अंडे घालण्यापूर्वी प्रत्येक घरात आपले डोके व पुढचे पाय घालून ते तपासते. एकदा नव्हे, दर वेळी. युरोपीय राणी भर हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते. तितक्या वेळा ती वाकते, आत शिरते, मागे सरते, वळते, आणि मगच पोट खाली उतरविते. पोळ्यात घरे दोन मापांची असतात, कामकऱ्यांची लहान आणि नरांची मोठी. लहान घरात फळलेले अंडे पडते व त्यातून कामकरी माशी होते. मोठ्या घरात न फळलेले पडते व त्यातून नर होतो. कोठले अंडे टाकावयाचे हे राणीस कसे कळते? जुन्या पंडितांपैकी काहींचे मत असे होते की घर अरुंद असले म्हणजे राणीचे पोट दाबले जाते आणि त्या दाबाने अंडे फळते. मत मोठे सुटसुटीत होते. पण जिच्या भिंती अजून उठल्याच नाहीत अशा नुसत्या पायावरही राणी बिनचूक अंडे घालते. तेथे दाबावयास आहे काय? पुढे १९७० साली क्योनिगर या जर्मन शास्त्रज्ञाने राणीच्या पुढच्या पायांनाच अडथळा करून पाहिले, तेव्हा तिला दोन घरांतील भेद नीट करता येईना. म्हणजे ती पायांनी मोजते. पोळ्यात अंधार असतो. डोळ्यांचा तेथे उपयोग नाही.

या साऱ्या विषयाचा आद्य गुरू जिनीव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर हा तरुणपणीच आंधळा झालेला होता. त्याने आपला नोकर ब्यूर्नेन्स याच्या डोळ्यांनी पाहिले आणि १७९२ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकाने युरोपला राणीची खरी ओळख करून दिली. त्याच्यापूर्वी प्लिनी, व्हर्जिल इत्यादी थोर थोर डोळसांनी तिला 'राजा' ठरविले होते.

दुसऱ्या रविवारी आबा आले. मी त्यांस मोठ्या अभिमानाने ती चौकट काढून दाखविली. त्यांनी ती उन्हात धरली, जरा तिरपी केली, आणि हसले. "सर, पट्टी आणा बरं." मी मोजपट्टी आणली. अंडी होती त्या जागेतील दहा घरांवर त्यांनी ती ठेवली. दहा घरे ४५ भरली.

मला प्रथम कळेना. आबांनी चौकटीवरची ती तळहाताएवढी जागा बोटाने आखून दाखविली. तेथे माश्यांनी पत्रा कुरतडून टाकला होता. भोक पाडले होते, आणि ते भोक आपल्या मापाने, आपल्या भिंतीतल्या मापाने, पुन्हा बांधून काढले होते. कडेला, जेथे त्यांचे माप माणसाच्या मापास येऊन भिडत होते, तेथे पाच कोनांची, सात कोनांची, कसलाच आकार नसलेली घरे झाली होती. आणि राणीने अंडी घातली होती ती फक्त त्या बांधून काढलेल्या जागेत. भोवतालच्या ४२ मापाच्या घरांत मध होता, पराग होते. अंडे एकही नव्हते. पुरावा मी पाहिला होता, पण मोजला नव्हता. बिचारी चौकट दहाव्या दिवशीही हेच सांगत होती.

"म्हणजे राणीला लहान घर चालत नाही?" मी विचारले.

"चालेल की. पण राणीवर नसतं ते. कामकऱ्या घर चाटूनपुसून साफ करून ठेवतात, मग राणी त्यात अंडं टाकते. ज्या घराला त्यांनी हात लावला नाही त्यात ती कशाला जाईल?"

हे मी पुस्तकात आदल्या रात्री वाचले होते. कामकरी माश्या प्रत्येक घर अगोदर घासून लखलखीत करतात आणि राणी अशाच घरात अंडे घालते. वाचूनही ते माझ्या डोक्यात शिरले नव्हते, कारण माझ्या दृष्टांतात राणी एकटीच होती.

आता त्या लहान घरांच्या पंथाविषयी. सातेरी माशीच्या अंगावर राहणारी व्हरोआ नावाची एक गोचिडीसारखी कीड विसाव्या शतकात युरोपीय माशीवर गेली आणि तेथे तिने हाहाकार उडविला. अमेरिकेत ती १९८७ साली आढळली. तेव्हा अ‍ॅरिझोनातील काही मधपाळांनी असा सिद्धांत काढला की सातेरीची घरे लहान म्हणून तिला ही कीड जाचत नाही. तेव्हा आपणही घरे लहान करू. त्यांनी आपल्या माश्यांस ५.४वरून ५.१ आणि ५.१वरून ४.९ अशा पायऱ्यांनी उतरविले. या मार्गाने गेलेल्यांनी लिहून ठेवलेले अनुभव मी नंतर पुष्कळ वाचले आणि ते मला माझ्या गच्चीवरचेच वाटले. एकदम लहान पत्रा दिला तर पोळे वेडेवाकडे होते. जुनी राणी प्रथम मोठ्या घरांकडे वळते, लहान सोडून जाते. पण थोड्याशा लहान घरात उपजलेल्या माश्या स्वतः थोड्या लहान असतात, आणि त्या पुढचा लहान पत्रा अधिक नीट बांधतात. दोन-तीन पिढ्यांनी सारे पोळे त्या मापावर येते. राणी मात्र तीच असू शकते. तिच्या देहात काही बदललेले नसते. बदलणे शक्यही नाही. कारण राणी स्वतः या षट्कोनी घरात कधीच वाढलेली नसते. तिच्यासाठी पोळ्याच्या कडेला शेंगेसारखे निराळे लोंबते घर बांधतात. षट्कोन तिचे नव्हतेच कधी. ती फक्त ते मोजते. बदलतात त्या बांधणाऱ्या.

या सगळ्या खटाटोपाने कीड कमी झाली का? जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नीट तुलना करून २०१० साली प्रसिद्ध केले की लहान घरांनी किडीची वाढ रोखली जात नाही. आणखीही दोन-तीन देशांत तसेच आढळले. सातेरीचा बचाव घराच्या मापात नव्हताच. ही कीड सातेरीच्या पोळ्यात प्राधान्याने नरांच्या पिलाव्यातच वाढू शकते, शिवाय सातेरी माश्या एकमेकींचे अंग साफ करून किडी काढतात. अमेरिकेतल्या त्या मंडळींनी घर पाहिले, त्यात राहणारांची एकमेकांशी वागण्याची रीत पाहिली नाही. मी त्यांस हसलो नाही. हसण्याचा अधिकार त्या महिन्यात माझ्याकडे नव्हता.

त्या संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाली, "आईंना उन्हात बसायला जागा नाही." मी म्हणालो, गच्ची आहे. ती म्हणाली, "एकवीस पायऱ्या आहेत. आणि माश्या तुमच्या आहेत, आईंच्या नव्हेत असं आता ठरल्यासारखं झालं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "गॅलरीत टेबल आहे तुमचं."

गॅलरीतील टेबल हलविण्याची सूचना मला अन्यायाची वाटली, हे कबूल केले पाहिजे. त्या टेबलावर मी अठरा वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या, दोन पुस्तके लिहिली, आणि कोणी हाक मारली तर ऐकू न आल्याचा बहाणा करण्याची सोय केवळ तेथेच होती. पुस्तकांची कपाटे कोठे जाणार? जेवणघरात वास लागतो, दमट हवा असते, इत्यादी. मी हे सारे मुद्दे मांडले आणि ते उत्तम होते. सौभाग्यवतीने एकाचाही प्रतिवाद केला नाही. दोन दिवस हा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी महाविद्यालयातून आलो तेव्हा आई गॅलरीच्या दाराशी, आत न जाता, उभी होती. एक हात चौकटीवर होता. ऊन केव्हाच गेले होते. मला पाहून ती म्हणाली, "काही नाही. इथवर सतरा पावलं होतात."

रविवारी मुलाने व मी मिळून टेबल उचलले. एक कपाट गेले जेवणघरात, दुसरे भावाच्या घरी मुंबईस जाणार आहे. अजून गेलेले नाही, आणि तोवर ते दिवाणखान्यात सगळ्यांच्या वाटेत उभे आहे. गॅलरी रिकामी झाल्यावर आईस आम्ही काही विचारले नाही. ती आपण होऊन आत गेली. भिंतीवरून हात फिरवीत कडेपर्यंत गेली, तेथून परत आली, वाकून फरशी चाचपली. मग तिने सौभाग्यवतीस हाक मारली आणि दोघींनी काय ठरविले मला ठाऊक नाही. परंतु दुसऱ्या दिवशी गावाहून आणलेला आणि माळ्यावर टाकलेला पाट, सूप आणि तुळशीची कुंडी गॅलरीत होती, आणि खाट मधल्या खोलीत आडवी होती ती उभी झाली होती. "आता मोरी सात पावलांवर आली," आई म्हणाली. रात्री ती अजूनही उठते. पण मोजण्याचा आवाज पूर्वीइतका येत नाही. कदाचित ती मनात मोजत असेल.

भावास मी दुसरे पत्र लिहिले. त्यात पहिल्या पत्रातील दृष्टांत चुकीचा होता एवढे कळविले, आणि आईस दर पंधरवड्यास येऊन भेटत जा असेही. त्याचे उत्तर यावयास उशीर लागला. ते आले तेव्हा लहान होते; पण तो स्वतः पुढच्या शनिवारी आला, आणि गॅलरीत आईजवळ बसून त्याने तांदूळ निवडले. वाईट निवडले. आईने ते पुन्हा निवडले.

चैत्रात आबांनी पेटी पाहिली. मधल्या काळात भिंतीतून आणलेल्या जुन्या पोळ्यांपैकी दोन माश्यांनी खालून कुरतडून टाकली होती. सातेरीस जुने काळे पोळे फार दिवस आवडत नाही. दुसऱ्या मेणपत्र्यावर, म्हणजे ज्यास पहिल्या खेपेस कोणी शिवलेही नव्हते त्यावर, एका अंगास ४२च्या मापाची घरे सरळ बांधलेली होती व त्यांत पिलावा झाकलेला होता. सगळा नव्हे; साधारण एक तृतीयांश. उरलेल्या जागेत त्यांनी आपल्याच मापाने काही चालविले होते. "अर्धं तुमचं, अर्धं त्यांचं," आबा म्हणाले. राणी त्या चौकटीवर होती. लहान घराशी ती आली, डोके आत घातले, क्षणभर राहिली, बाहेर आली आणि पुढच्या घराकडे गेली. त्यातही डोके घातले. मग वळली आणि पोट खाली उतरविले. मी दोन्ही घरे मोजण्यासाठी पट्टी काढली. पण आबांनी हात धरला. "राहू द्या सर. ऊन लागतंय त्यांना."

खाली येऊन मी जेवणघरात माझ्या टेबलाशी बसलो. त्यावर डाव्या कोपऱ्यास ताकाच्या भांड्याचा एक गोल डाग पडला आहे आणि तो काही केल्या निघत नाही. आई गॅलरीतून म्हणाली, "आबांना चहा दिला का?" मी ऐकले, या टेबलावर ऐकू येते. मी उठून आधण ठेवले.